धुरपताच्या डाव्या डोळ्यातलं भिंग

मी आत्ता एका इवल्याशा काचेच्या बाटलीत आहे. आकाराने तुरीच्या दाण्याएवढा, रंगाने कोऱ्या चहासारखा. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय: धुरपता, वय ६३, डावा डोळा. चार दिवसांपूर्वीपर्यंत मी त्या डोळ्यात राहत होतो. डोळ्याच्या काळ्या बाहुलीमागं एक भिंग असतं ना, तेच मी.

माणसं सगळं जग माझ्यातून पाहतात, पण मला कोणी पाहत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पाहण्यासारखं इतकं होतं की स्वतःकडे लक्ष जायला सवडच नव्हती.

मी धुरपतापेक्षा थोरला आहे म्हटलं तर तुम्ही हसाल. पण तिच्या आईच्या पोटात तिला अजून बोटं फुटली नव्हती, नाकतोंड ठरलं नव्हतं, तेव्हा माझी घडण सुरू झाली होती. शरीरातल्या बाकीच्या गोष्टी जुनं टाकून नवं घेतात. कातडी झडते, केस गळतात, रक्तसुद्धा बदलतं. मी काहीच टाकत नाही. माझ्यावर थरावर थर चढत जातात, कांद्यासारखे, आणि मधला गाभा मात्र तोच राहतो, आईच्या पोटातला. अंगात जे जे येतं त्यातलं थोडं माझ्यापर्यंत पोचतं आणि माझ्यातच राहून जातं.

धुरपता जन्मली ती मार्कंड्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावरच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीत. सुईणीने दार उघडलं आणि उजेड आत आला. मला तेव्हा कळलं की आपण कशासाठी आहोत. तो उजेड माझ्यातून गेला, वाकला, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जाऊन पडला, आणि एवढीशी पोर रडायची थांबली. एक गंमत सांगतो. मी सगळं उलटं पाडतो. झाड खाली शेंडा, वर मुळं. ते सुलटं करायचं काम तिचा मेंदू करायचा. कोणी शिकवलं त्याला? आजही मला याचा अचंबा वाटतो.

पुढं तिच्या बापाच्या डोंग्यात बसून आम्ही काय काय पाहिलं! हिवाळ्यातल्या सकाळी नदीवर धुकं असं असायचं की वल्ह्याचं पुढचं टोक दिसायचं नाही, आणि मग एकदम त्यातून मार्कंड्याच्या देवळाचे दगडी कळस वर यायचे, जणू पाण्यातूनच उगवलेत. थंडीत लांबच्या देशातून येणारी भगवी बदकं रेतीवर बसायची. महिनाभर बसून जायची कुठं, कोणाला ठाऊक. धुरपता दरवर्षी त्यांना मोजायची. सहा वर्षांची होती तेव्हा तिला वीसपर्यंतच मोजता येत होतं, म्हणून वीसनंतर ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

सतराव्या वर्षी तिचं लग्न वारलूशी झालं. तोही ढिवर, दोन गावं सोडून पलीकडचा. नदीत जाळं फेकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि जाळं विणण्यात तिचा. तिचं जाळं हवेत गोल उघडायचं आणि पाण्यावर एकाच वेळी सगळ्या काठाने पडायचं. चामोर्शीपर्यंतचे ढिवर तिच्याकडून जाळी विणून न्यायचे.

जाळं बुडायला काठाला वजन लागतं. ते वजन शिशाचं. वारलू गडचिरोलीच्या गॅरेजमधून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या आणायचा. धुरपता अंगणात तीन दगडांची चूल मांडून लोखंडी कढईत ते शिसं वितळवायची. उताण्या कौलाला खाच पाडलेली असायची, तिच्यात ते ओतायची. निवलं की कांडी निघायची. कांडीचे तुकडे करून ते जाळ्याच्या दोरीभोवती वळवायचे आणि दाबून बसवायचे. दाबायला चिमटा होता घरात. पण दाताने काम लवकर व्हायचं.

खरं सांगायचं तर मला शिसं फार आवडायचं. कढईत ते वितळलं की वर करडी साय धरायची. धुरपता काडीने ती साय बाजूला सारायची, आणि खालून असं काही चकचकीत रूप निघायचं की त्यात तिचा चेहरा दिसायचा, मागचं चिंचेचं झाड दिसायचं, उडता कावळा दिसायचा. इतकी सुंदर वस्तू घातकी असेल असं मला कसं वाटावं? तिलाही वाटलं नाही. धूर नाकातोंडात जायचा, करडी भुकटी हाताला लागायची, त्याच हाताने ती भाकर मोडायची. चाळीस वर्षं.

ते तिच्या रक्तात उतरलं. रक्तातून हाडांत गेलं. आणि अगदी थोडं थोडं, मी ज्या पाण्यात राहतो त्या पाण्यातून माझ्याकडे आलं. मी काही टाकत नाही, हे तुम्हाला सांगितलंच.

मधूनमधून तिच्या पोटात अशी कळ यायची की ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. मनगटातला जोर कमी झाला. गावात सगळे म्हणायचे, वाताचं आहे. पंचेचाळिशीनंतर तिला सुईत दोरा ओवता येईना, तो माझा ताठरपणा, वयाचा. पण पन्नाशीच्या पुढं एक आश्चर्य झालं. एके दिवशी तिने चष्म्याशिवाय सुई ओवली! वस्तीतल्या बायका बघायला आल्या. "बुढी तरनी होऊन राह्यली वो," म्हणून हसल्या. तीही लाजून हसली. मला मात्र आतून कळत होतं. मी घट्ट होत चाललो होतो, गाभा पिवळा पडत होता, म्हणून जवळचं थोडे दिवस नीट दिसत होतं. दिवा विझण्याआधी वात मोठी होते, तसंच काहीसं.

मग मी गढूळ झालो. आधी पिवळा, मग तपकिरी. दूरचे कळस गेले. वारलूचा चेहरा गेला, नुसता आवाज उरला. आणि निळा रंग कधी गेला ते तिच्या लक्षातही आलं नाही. आभाळ मातकट झालं, नदी मातकट झाली, तिला वाटलं आता दिवसच तसे आले. उजव्या डोळ्यातला माझा जुळा भाऊ माझ्याहून आधी गढूळ झाला होता.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. बोटांना जाळं पाठ होतं, बोटांनीच विणत राहिली.

यंदाच्या जानेवारीत लेक आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले आणि पाच वर्षांच्या दीपिकाला आजीआजोबांजवळ ठेवून गेले. दीपिका आजीचं शेपूट. आजी शिसं वितळवायला बसली की ही शेजारी मातीत बसायची, खाली पडलेल्या शिशाच्या गोळ्या वेचायची.

एका सकाळी धुरपताने कढई उचलली आणि कौलावर ओतली. तिला वाटलं, कौलावर ओतली. कौल वीतभर अलीकडे होतं. वितळलेलं शिसं चुर्रर्र करत मातीवरून धावलं आणि दीपिकाच्या उघड्या पायांपासून चार बोटांवर येऊन थिजलं.

वारलू ओरडत आला. "काऊन वो! दिसून नाई राह्यलं का तुले?"

"दिसते ना. हात हालला."

"आजीले नाई दिसत," दीपिका म्हणाली. "सुई मीच ओवून देतो रोज. तिनं सांगू नको म्हनलं होतं."

धुरपताने हातांनी चाचपत पोरीचे पाय शोधले, दहाही बोटं एकेक करून मोजली, आणि मग रडायला लागली. तिच्या आसवांच्या मागं मी होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गावातली आशा कार्यकर्ती साधना तिला आणि दीपिकाला घेऊन बसने गडचिरोलीला निघाली. नेत्रतपासणीचं शिबिर होतं. डॉक्टरीण ज्योत्स्ना, जिवतीकडची, बारीक चणीची, बोलायला मोकळी. तिने बत्तीचा उजेड पाडून आधी माझ्या भावाला पाहिलं, मग मला. इतक्या जवळून माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"दोन्ही पिकलेत, बाई. आधी उजवा काढू. मग तीन महिन्यांनी डावा. पुन्हा दिसेल तुम्हाला."

"नवरीवानी दिसन का?" धुरपता हसली.

ती हसली म्हणून तिचे दात दिसले, आणि डॉक्टरणीचं हसू मावळलं. "बाई, तोंड उघडा बरं जरा."

"डोळा दाखवाले आलो, बाप्पा. दात नाई."

"उघडा तर." हिरड्यांच्या काठाला, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ होती. "मिस्री लावता? खर्रा खाता?"

"नाई."

"मग काम काय करता?"

"जाळी विनतो. शिशाच्या गोळ्या बसवतो."

"कशानं बसवता?"

धुरपताने दात दाखवून चावल्यासारखं केलं. डॉक्टरणीने हातातला पेन खाली ठेवला.

मग तिने सावकाश सगळं विचारलं: पोटातली कळ, मनगट, चूल कुठं, भाकरी कुठं. शेवटी म्हणाली, "शिसं अंगात गेलं की लवकर निघत नाही, बाई. हाडात घर करून बसतं."

"मोतीबिंदू त्याच्यानंच झाला का?"

"वय झालं की मोतीबिंदू येतोच. शिसं त्याला घाई करत असावं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तुमच्या डोळ्यात वयाचा वाटा किती आणि शिशाचा किती, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." मग तिचं लक्ष दीपिकाकडे गेलं. पोरगी मुकाट्याने काहीतरी गालात घोळवत होती. "काय खातेस गं?"

दीपिकाने मान हलवली. डॉक्टरणीने तिच्या तोंडासमोर आपला तळहात धरला. पोरीने आजीकडे पाहिलं, मग तळहातावर थुंकली. चघळून चघळून गुळगुळीत झालेली शिशाची गोळी.

"गोड लागते," ती म्हणाली.

दोघींचं रक्त काढून नागपूरला पाठवलं. धुरपताने माझ्या भावाच्या ऑपरेशनबद्दल मग एक शब्दही विचारला नाही. दवाखान्याच्या पलंगावर रात्रभर तिचा हात दीपिकाच्या पोटावर होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. अर्ध्या तासाचं काम. माझ्या शेजारच्या डोळ्यात आता प्लॅस्टिकचं एक भिंग बसलं होतं, कारखान्यात बनलेलं, आईच्या पोटात एक दिवसही न राहिलेलं. मला त्याचा राग आला, हे कबूल करतो. हा काय पाहणार, असं वाटलं.

सकाळी नर्सने पट्टी सोडली. धुरपताने डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. तिचं काळीज असं धडधडायला लागलं की मी जागच्या जागी थरथरलो.

"ते काय हाये?" तिने बोट केलं.

"कुठं, आजी?" नर्सने विचारलं.

"ते. ते तिकडं ठेवलेलं."

"खुर्ची आहे. प्लॅस्टिकची."

"रंग कोनता?"

"निळा."

"निळा," धुरपता म्हणाली. पलंगावरून उतरली, भिंत धरत खुर्चीपाशी गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "निळा असा असते, मी इसरलो होतो वो. निळा असा असते." मग तिने वळून दीपिकाला पाहिलं. तिच्या कपाळावरचा तीळ, कानातले खोटे मोती, दोन भुवयांतलं अंतर, सगळं एका दमात पाहिलं. माझ्यापर्यंत आलं ते तिच्या डोळ्यातलं पाणी. माझा राग त्या पाण्यात विरघळून गेला. एवढ्याशा पारदर्शक तुकड्याने एका माणसाला अख्खा रंग परत दिला! मी त्रेसष्ट वर्षं उजेडाच्या धंद्यात होतो, पण हे मला नवंच होतं.

घरी परतली तेव्हा दुपार होती. दारातच ती थबकली. चुलीभोवतीची माती तिला दिसली. करडी, चकाकणारी. ती चकाकी उंबरठ्यावर होती, दाराच्या चौकटीवर होती, पिठाच्या डब्याच्या झाकणावर होती, दीपिकाच्या गोधडीवर होती. जिथं जिथं तिचे हात लागायचे तिथं तिथं होती. इतकी वर्षं ती त्यातच स्वयंपाक करत होती.

"आजपासून शिसं बंद," ती वारलूला म्हणाली.

"येडी झाली का? चाळीस वर्षं झाली, कोन मेलं? बिनशिशाचं जाळं बुडते का?"

"मले आता दिसते."

"काय दिसते? राख हाये ते!"

धुरपता वाद घालत बसली नाही. पितळी परातीत स्वच्छ पाणी घेतलं, दीपिकाचे हात त्यात चोळून धुतले आणि परात वारलूपुढं ठेवली. पाणी हळूहळू निवळलं. तळाशी चकाकता करडा थर बसला. कोळशाची राख वर तरंगते, हे ढिवराला कोणी सांगावं लागत नाही. वारलू त्या परातीकडे बघत राहिला. पण मानला नाही. उठून नदीवर निघून गेला.

दहा दिवसांनी साधना रक्तातल्या शिशाचे आकडे घेऊन आली. धुरपताचा अठ्ठेचाळीस. दीपिकाचा एकतीस.

"लेकराचा किती पाह्यजे असते?" वारलूने विचारलं.

"एकही नको असतो, भाऊ. पाचच्या वर गेला की डॉक्टर घर तपासायला निघतात. लेकराच्या डोक्यावर होते त्याचा परिणाम."

वारलूने मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं. "मीच आनत होतो वो त्या पट्ट्या," तो धुरपताला म्हणाला. "माह्या हातानं."

"दोघंबी आंधळे होतो," ती म्हणाली. "चाला, उठा आता."

मग काय कामाला लागली माणसं! डॉक्टरणीने बजावलं होतं की शिसं नदीत टाकायचं नाही आणि कोरडा झाडू मारायचा नाही. कढई, कौलं, उरलेल्या पट्ट्या झाकणाच्या ड्रममध्ये गेल्या. अंगणाची वरची माती भिजवून, खरडून गोण्यांत भरली. दवाखान्याच्या गाडीने ते सगळं नेलं. भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, नवी माती टाकली, शेणाने सारवलं. दीपिकाला रोज अंडं, हिरवी भाजी, दूध आणि लोहाचं औषध.

राहिलं जाळं. धुरपता शेजारच्या गावच्या श्रावण कुंभाराकडे गेली आणि त्याच्याकडून मातीच्या मणी-गोळ्या भाजून आणल्या.

"माती पान्यात इरघळन," वारलू कुरकुरला.

"घागर इरघळते का?"

पहिल्यांदा फेकलं तेव्हा जाळं सावकाश बुडालं, मासे खालून निसटून गेले आणि काठावरची माणसं हसली. मातीला शिशाचं वजन कुठून येणार? धुरपताने मणी लांबोडे करून घेतले, दीडपट लावले, काठाची वीण बदलली. तिसऱ्या खेपेला वारलूने डोंग्यात उभं राहून जाळं फिरवलं. ते हवेत गोल उघडलं आणि सगळ्या काठाने एकदम पाण्यावर पडलं. काठावरचं हसू थांबलं. त्या दिवशी तीन जणांनी धुरपताला विचारलं, "बाई, ह्या गोळ्या कुठी भेटतात?"

मे महिन्यात दीपिकाचं रक्त पुन्हा तपासलं. एकोणीस. अजून पुष्कळ आहे, पण उतरतंय. धुरपताचं सावकाश उतरेल, हाडांतलं निघायला वर्षं जातील.

आणि मग माझी वेळ आली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरणीने धुरपताला विचारलं, "बाई, तुमचं हे भिंग आम्ही ठेवून घेऊ का? त्यात शिसं किती आहे ते मोजायचंय. तुमच्यासारख्या आणखी लोकांची भिंगं गोळा करतोय. मोजलं तर काहीतरी नक्की कळेल."

"मोजा ना. पन आधी मले दाखवा."

मी निघालो तो अख्खा निघालो. माझं पातळ पारदर्शक आवरण तेवढं डोळ्यातच राहिलं, आणि त्याच आवरणात त्यांनी नव्या भिंगाला बसवलं. मला ते बघायला मिळालं नाही, पण माझ्याच घरात, माझ्याच गादीवर तो झोपला आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नर्सने ही बाटली धुरपताच्या हातात दिली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. त्रेसष्ट वर्षं आम्ही एकमेकांच्या इतके जवळ होतो, आणि ती मला पहिल्यांदा पाहत होती. दोन्ही नव्या डोळ्यांनी. बराच वेळ.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "एवढ्याशात नदी मावत होती?"

आज मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, फळीवर आहे. उद्या मला आम्लात घालतील. मी विरघळेन, आणि एक यंत्र माझ्यातलं शिसं मोजेल. मला भीती वाटत नाही. मला इतकंच वाटतं की तुमच्या घरात कोणी जुन्या बॅटऱ्या फोडत असेल, शिसं वितळवत असेल, तर आज लेकराचे हात धुऊन परातीतलं पाणी निवळू द्या आणि तळाशी काय बसतं ते बघा. मला सगळं साठवायला चाळीस वर्षं लागली. लेकराला तेवढा वेळ लागत नाही.

त्या दिवशी दवाखान्यात बाटली परत देताना धुरपताने ती दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. मग माझ्याशी बोलली, घरातल्या माणसाशी बोलावं तशी.

"जा बा," ती म्हणाली. "जे पाह्यलं ते सांगून दे त्याइले. काही ठेवू नको."